रायरांच्या तोंडी घातलेला शब्द

पंचनदराव रोज सकाळी साडेसहाला दोन तमिळ वर्तमानपत्रं मांडीवर घेऊन घराच्या ओट्यावर बसत आणि समोरून येईल त्याला म्हणत, "माझे डोळे गेले हो. जरा वाचून दाखवा." अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, कमरेला वेष्टी म्हणजे तिकडचं धुवट धोतर, कपाळाला चंदन आणि चेहऱ्यावर असा काही केविलवाणा भाव, की घाईत असलेला माणूससुद्धा सायकल भिंतीला टेकवून वाचायला बसे. हा प्रकार दोन वर्षं बिनबोभाट चालला होता. रावांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले होते.

मी त्यांची भाडेकरू. नव्वदीच्या दशकाचा मध्य. बँकेत बढती मिळाली आणि बढतीबरोबर साताऱ्याहून थेट तंजावरला बदली. तेव्हा मी बत्तीस वर्षांची, अविवाहित आणि भयंकर आगाऊ होते. कुणी बोलायला लागलं की त्याचं वाक्य मी पुरं करायची. घरी सगळे म्हणायचे, हिला गप्प बसवायला भूल द्यावी लागेल. अशा बाईला माडीवरची खोली देण्याचं धाडस पंचनदराव आणि त्यांच्या पत्नी पद्मामामी यांनी केलं, ते केवळ मी 'आपल्याकडची' म्हणून. आपल्याकडची म्हणजे मराठी. रावांचे पूर्वज मराठी राजांच्या पदरी तंजावरला आले, त्याला तीनेकशे वर्षं झाली. महाराष्ट्र रावांनी एकदाच पाहिला होता, तोही रात्रीच्या गाडीतून. मराठी मात्र घरात टिकलेली, जुन्या वळणाची. त्यात तमिळ हेल आणि तमिळ व्याकरण असं मिसळलेलं, की 'मी केलं' ऐवजी ते 'मी केलों' म्हणत. पहिले चार दिवस मी मनातल्या मनात ते दुरुस्त करत होते. पाचव्या दिवशी सोडून दिलं.

पहिल्याच भेटीत मी त्यांना आपुलकीनं 'काका' म्हटलं. ओट्यावर बसलेली माणसं खो खो हसायला लागली. राव मात्र गंभीरपणे म्हणाले, "बाई, काका म्हणूं नका. येथें काका म्हणजे कावळा. मामा म्हणावें. मामा दोहींकडे मामाच." आणि मग आत कॉफी सांगून पुढे म्हणाले, "येथें अर्धे शब्द तुम्हांस आपले वाटतील. विचारून घेत जावें." मी हो हो म्हटलं. विचारून घेण्याचा माझा स्वभाव नव्हता, तो त्या दिवसानं थोडाच बदलणार होता.

गल्लीतले लोक त्यांना रायर म्हणत. राव आडनावाच्या, नावाच्या कुणालाही तमिळ माणूस रायरच म्हणतो. रायर एकतीस वर्षं कोर्टात दुभाषे होते. खेड्यातला साक्षीदार तमिळमध्ये जे सांगेल ते इंग्रजीत करून न्यायाधीशांपुढे ठेवायचं. त्या नोकरीचा त्यांना अभिमान होता, जसा एखाद्या माजी सैनिकाला पलटणीचा असावा. "एकतीस वर्षें मी दुसऱ्याचें बोलणें जसेंच्या तसें लिहिलों," ते सांगत. "साक्षीदार शिवी दिला तर शिवी लिहिलों. रडला तर, रडला म्हणून लिहिलों. पदरचें एक अक्षर घातलों नाहीं." हे सांगताना ते उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या हाताच्या तळव्यावर टेकवत, जणू अजून तिथे कागद आहे.

आता त्या दोन वर्तमानपत्रांचं. तमिळनाडूत तेव्हा दोन मोठे पक्ष, आणि त्या दोघांचं वैर असं की बाहेरच्या माणसाचा विश्वास बसू नये. एका पक्षाचा माणूस दुसऱ्याच्या घरी लग्नाला जात नसे. मर्तिकाला गेला तर लांब उभा राहून परत येई. वेष्टीच्या काठावरून पक्ष ओळखायचा. मला सुरुवातीला ते काठ सारखेच दिसत, फरक एका रेघेचा होता. प्रत्येक पक्षाचं आपलं वर्तमानपत्र, आणि आपलं सोडून दुसरं कुणी हातात धरायचं नाही. रायर दोन्ही घेत.

समोर सेल्वमचं शिंप्याचं दुकान होतं. तो एका पक्षाचा, इतका कट्टर की निवडणुकीत दुसऱ्या पक्षाचे झेंडे शिवायची मोठी ऑर्डर त्यानं परत पाठवली होती. गल्लीच्या तोंडाशी गोविंदसामी राहायचा, निवृत्त बसकंडक्टर, तो दुसऱ्या पक्षाचा. दोघं एका वर्गात शिकलेले, एका तळ्यात पोहलेले. एका निवडणुकीत पोस्टर लावण्यावरून हमरीतुमरी झाली, सेल्वमच्या दुकानाची काच फुटली, आणि तेव्हापासून सात वर्षं एकमेकांशी बोलणं बंद. गोविंदसामी दूध आणायला लांबच्या रस्त्यानं जायचा, पण सेल्वमच्या दुकानावरून जायचा नाही.

रायरांनी काय केलं, तर आपले डोळे घालवले. सेल्वमला बोलावून त्याच्या हातात गोविंदसामीच्या पक्षाचं वर्तमानपत्र दिलं. "वाचा हो. आंधळ्याचें पुण्य लागेल." रायरांना नाही म्हणणं गल्लीत कुणाला शक्य नव्हतं. निम्म्या घरांचे अर्ज त्यांनी लिहून दिलेले. सेल्वम वाचू लागला. मग गोविंदसामीला वेगळ्या वेळी बोलावलं, त्याच्या हातात सेल्वमचं वर्तमानपत्र. असे सहा महिने गेले. मग हळूच दोघांची वेळ एक केली. मी राहायला आले तेव्हा दोघं ओट्याच्या दोन टोकांना बसून आळीपाळीनं वाचत आणि आजूबाजूची आठ-दहा माणसं ऐकत. एकमेकांशी बोलत नसत, फक्त रायरांशी बोलत. पण बसत.

वाचनाचा नियम एकच होता. सेल्वम दुसऱ्या पुढाऱ्याचं भाषण वाचताना मधेच फिसकन हसला, की रायर हात वर करत. "थांबा. हसूं पेपरांत छापलेलें आहे काय?" नाही म्हटलं की, "मग पुन्हां पहिल्यापासून." गोविंदसामी एखादं वाक्य गाळायला बघे. रायरांना कसं कोण जाणे बरोबर कळे. "कंडक्टर, एक स्टॉप राहिला. गाडी मागें घ्या." सगळे हसत, गोविंदसामीही. एकदा तर सेल्वम वाचता वाचता थांबला आणि आपणहून म्हणाला, "कालव्याच्या पाण्याचं हे म्हणतात ते मात्र खरं आहे." ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गोविंदसामीनं नुसती मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. रायर त्या दिवशी आत येऊन पद्मामामींना म्हणाले, "आज गोड करा कांहीं." मामींनी केसरी, म्हणजे केशरी शिरा, केला. मलाही वाटीभर मिळाला, कशाबद्दल ते न कळता मी खाल्ला.

डोळ्यांचं गुपित मला महिन्याभरानं कळलं. एका रविवारी डबा परत द्यायला मागच्या दारानं गेले, तर राव अंगणात बसून औषधाच्या डबीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत होते. चष्मासुद्धा नाही.

"मामा, तुम्हाला दिसतंय की."

"दिसतें," ते म्हणाले. लाज वगैरे काही नाही.

"मग रोजचं ते नाटक?"

त्यांनी डबी खाली ठेवली. "माणूस दुसऱ्याचें ऐकत नाहीं बाई. आपलाच आवाज ऐकतो. म्हणून दुसऱ्याचें म्हणणें त्याच्याच आवाजांत त्यास ऐकवावें लागतें." आणि थोडं थांबून, "सांगूं नका कोणास. उगें राहावें." उगं म्हणजे गप्प. हा शब्द ते वारंवार वापरत, माझ्यासाठी तर फारच.

त्याच सुमारास गल्लीत केबल आली. घरोघरी रंगीत टीव्ही, आणि थोड्याच दिवसांत ज्याला जे आवडतं ते त्यानं बघायचं अशी सोय झाली. ओट्यावरची दोन-चार माणसं गळाली. रायर म्हणाले, "पेपर हातांत देतां येतो. टीव्हीचें बटण ज्याच्या त्याच्या हातांत. तेथें माझें कांहीं चालणार नाहीं." पण सेल्वम आणि गोविंदसामी यायचे राहिले नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या पोंगलनंतर एक दिवस सेल्वमनं ओट्यावर बसल्या बसल्या, समोर बघत, हवेत बोलल्यासारखं सांगितलं, "माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापायला टाकली. सगळ्यांनी यायचं." सगळ्यांनी म्हणताना तो क्षणभर थांबला होता. गोविंदसामी वर्तमानपत्राची घडी घालत होता, ती त्यानं दोनदा घातली. संध्याकाळी तो रायरांकडे येऊन म्हणाला, "मी जाईन. लोक काय म्हणतील ते म्हणोत. ती पोरगी माझ्या खांद्यावर बसून देवळात गेलेली आहे."

ही बातमी लहान नव्हती. लग्नाला सेल्वमच्या पक्षाचे पुढारी येणार, वॉर्डाचा सेक्रेटरी मांडवात मिरवणार, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या काठाची वेष्टी नेसलेला माणूस जेवायला बसणार. दोन्हीकडचे लोक नावं ठेवणार, हे ठरलेलंच. रायर स्वतः मांडवात थांबून गोविंदसामीला हाताला धरून पानावर बसवणार होते. आणि नेमका लग्नाच्या दिवशी त्यांना ताप भरला. एकशे तीन.

पहाटे त्यांनी मला बोलावलं. अंथरुणात उठून बसायला बघत होते. मामी त्यांना दाबून निजवत होत्या. "बाई, तुम्हीं जा. सेल्वमला माझा निरोप सांगा. गोविंदसामी पलीकडला माणूस आहे, पलीकडला आहे म्हणूनच त्यास पहिल्या पंगतीस बसवावें. एवढेंच. जसेंच्या तसें."

मी म्हटलं, काळजी करू नका. तोवर मला तमिळ बऱ्यापैकी यायला लागलं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. भाजी घेता यायची, रिक्षावाल्याशी भांडता यायचं. ओट्यावरच्या वाचनामुळे अक्षरंही लागायची. रस्त्यानं जाताना मी निरोपाचं तमिळ जुळवत होते, आणि 'पलीकडला माणूस' या शब्दांवर अडले. फारच मोघम, मला वाटलं. कुठल्या पलीकडला? नदीच्या? मामा म्हातारे झाले, त्यांना नेमका शब्द सुचला नाही. आपल्याकडे किती साधा शब्द आहे: विरोधी. विरोधी पक्ष, विरोधी पक्षनेता. संस्कृत शब्द, तमिळमध्येही असणारच. आणि होताही. मी ओट्यावर तो ऐकला होता, एकदा नव्हे, चांगला तीन-चारदा. अर्थ विचारला नव्हता.

मंडपात नादस्वरम, तिकडची सनई, इतक्या जोरात चाललं होतं की बोलायचं म्हणजे ओरडायचं. जेवणघराच्या दारात सेल्वम उभा होता, रेशमी वेष्टी नेसून, घामाघूम. शेजारी वॉर्डाचा सेक्रेटरी आणि त्याची चार माणसं. आणि नुकताच आत आलेला गोविंदसामी. हातात पितळी समई, लाल कागदात गुंडाळलेली. मला इतका आनंद झाला, की मी त्या सगळ्यांच्या मधे घुसले आणि बाळबोध तमिळमध्ये, खणखणीत आवाजात निरोप सांगितला: "गोविंदसामी उंग विरोधी. त्यांना पहिल्या पंगतीला बसवा. रायर सोन्नार." उंग म्हणजे तुमचे, रायर सोन्नार म्हणजे रायरांनी सांगितलंय. नेमकं तेव्हाच नादस्वरम थांबलं होतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, माझं तमिळ ऐकून थक्क झाले. मग सेक्रेटरी मोठ्यानं हसला आणि काहीतरी बोलला, त्याची माणसंही हसली. गोविंदसामीनं समई दाराजवळच्या टेबलावर ठेवली. चपला घातल्या. पानावर बसला नाही, पाणीही प्यायला नाही, निघून गेला. लग्नघरातून न जेवता जाणं तिकडे किती वाईट समजतात, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला वाटलं, त्या सेक्रेटरीनंच काहीतरी टोमणा मारला असेल, मेला दिसतोच तसा. मी पहिल्या पंगतीला बसून पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत कॅशियर वसंतानं मला बाजूला घेतलं. तिचा भाऊ मंडपात होता. "मॅडम, तुम्ही काल काय बोललात?" मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. तमिळमध्ये विरोधी म्हणजे विरोधक नाही. विरोधी म्हणजे शत्रू. विरोधी पक्षाला ते दुसराच शब्द वापरतात, समोरचा पक्ष अशा अर्थाचा. म्हणजे मी मंडपाच्या दारात, त्याच्या मित्राच्या तोंडावर, ओरडून सांगितलं होतं: गोविंदसामी तुझा शत्रू आहे, त्याला आधी जेवायला घाल, असं रायर म्हणतात. आणि सेक्रेटरी हसून म्हणाला होता, "ऐका, रायरांनीच निकाल दिला."

मी तशीच उठून घरी आले. जिन्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवणार, तोच रस्त्यावरून गोविंदसामीचा आवाज. तो ओट्यासमोर उभा होता. "रायर, तुम्ही म्हणालात? माझ्याबद्दल तो शब्द तुम्ही वापरलात?" तो ओरडत नव्हता, त्याचा आवाज फुटत होता. समोरच्या दुकानातून सेल्वम धावत आला. गळ्यात टेप तसाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो गोविंदसामीशी थेट बोलला: "मी नाही म्हणालो. देवाशपथ, माझा शब्द नाही तो." गोविंदसामी त्याच्याकडे वळून म्हणाला, "तू नाही म्हणालास, मला माहीत आहे." मग दोघंही रायरांकडे बघायला लागले.

रायर अंगावर शाल घेऊन दारात आले होते. ताप उतरला नव्हता. त्यांनी त्या दोघांकडे पाहिलं, मग मान वर करून जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवलं नाही, मी कठडा बघत होते. आता सांगायचं, मी मनात म्हणत होते. चार पायऱ्या उतरायच्या आणि म्हणायचं, शब्द माझा. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना.

"नांदान सोन्नेन," रायर म्हणाले. मीच बोललो.

एकतीस वर्षं पदरचं अक्षर न घालणारा दुभाषा माझा शब्द आपल्या नावावर घेऊन दारात उभा राहिला. गोविंदसामीनं मान हलवली. सेल्वम म्हणाला, "चल." आणि दोघं मिळून समोरच्या दुकानात गेले. बराच वेळ त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. रायरांनी दोन वर्षं आपल्याला कसं जवळ केलं आणि मनात काय ठेवलं, असंच काहीसं.

मी खाली जाऊन रडायला लागले. "मामा, मी जाते, आत्ता जाऊन सांगते." ते अंथरुणावर पडले होते, डोळे मिटून. "कशास?" ते म्हणाले. "दोघें एकत्र बसले आहेत. दोघांस एकाच माणसाचा राग आला आहे. एवढें माझ्यानें कधीं झालें नव्हतें. उगें राहावें." मामी पायाशी बसून होत्या.

मी उगी राहिले. किती सोयीचं झालं ते मला. मनाला सांगितलं, मामांची आज्ञा आहे. सांगितलं, खरं कळलं तर दोघं पुन्हा तुटतील. यातलं खरं कारण निराळंच होतं. बाहेरची बाई इथल्या लग्नात भांडण लावून गेली, अशी तक्रार बँकेत गेली असती, आणि माझी पुढच्या बढतीची मुलाखत तोंडावर होती. मी घाबरले होते, बस. एकदा तर ब्लाउजचं कापड घेऊन सांगायच्या निश्चयानं सेल्वमच्या दुकानात गेले. माप दिलं, बाह्या किती लांब हव्यात ते सांगितलं, आणि परत आले. ब्लाउज छान शिवला होता.

ओटा मात्र ओस पडला. गल्लीनं दोघांची बाजू घेतली. वाचन आता समोरच्या दुकानात चालायचं, दोन्ही वर्तमानपत्रं, आळीपाळीनं, नियमाप्रमाणे. मधेच कुणी हसलं तर सेल्वम हात वर करायचा. हे रायर ओट्यावरून बघत. त्यांनी डोळ्यांचं नाटक सोडून दिलं आणि आपली दोन वर्तमानपत्रं आपणच वाचायला लागले. ते पाहून तर लोक आणखी चिडले. बघा, म्हातारा आंधळाही नव्हता, सगळंच खोटं. रस्त्यानं जाणारे मान फिरवत. कुणी अर्ज लिहून घ्यायला येईना. रायर रोज सगळ्यांना नमस्कार करत, उत्तर येवो न येवो. मी रोज बँकेत जाताना, येताना त्यांच्यासमोरून जायची. ते विचारत, "कॉफी झाली काय बाई?" चौदा महिने त्यांनी मला यापलीकडे एक शब्द विचारला नाही. एकदा तरी रागावले असते तर मी सुटले असते. मग माझी बढती झाली आणि साताऱ्याला बदली.

आठ महिन्यांनी मामींचं पोस्टकार्ड आलं. मामींना देवनागरी येत नव्हती. त्यांचं पत्र मराठी, पण तमिळ लिपीत. मी अक्षर अक्षर लावत बसले. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर असतं. पहिली ओळ मी वाचली: 'मामा केले'. मामांनी काय केलं, पुन्हा कुणासाठी काय केलं, असा विचार करत मी पुढची ओळ लावायला घेतली. त्यात दिवस आणि वेळ होती. तेव्हा कळलं की ते 'केले' नव्हे, 'गेले'.

मी रजा काढून गेले, तोवर दोन महिने होऊन गेले होते. मामींना भेटायच्या आधी सेल्वमच्या दुकानात शिरले, नाहीतर पुन्हा पाय मागे आला असता. दोघंही तिथेच होते. मी तमिळमध्ये सांगितलं, सगळं. शब्द माझा होता, मला अर्थ माहीत नव्हता, रायरांनी 'पलीकडला माणूस' म्हटलं होतं. सेल्वमचं मशीन थांबलं. गोविंदसामीनं विचारलं, "त्यांना माहीत होतं? त्या दिवशी दारात उभे होते तेव्हा?"

"होतं."

"आणि तुम्ही कुठे होता?"

"जिन्यात."

सेल्वम म्हणाला, "आम्ही त्यांच्या घरी दुःख विचारायलासुद्धा गेलो नाही, मॅडम. समोर राहून." दोघं उठले, चपला दुकानातच ठेवल्या आणि रस्ता ओलांडून रायरांच्या घरात गेले. मी मागोमाग गेले. गोविंदसामी मामींच्या पुढे जमिनीवर बसून पोरासारखा रडला. सेल्वम दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मामींनी दोघांना कॉफी दिली, घरच्यांची चौकशी केली, सेल्वमच्या नातवाचं नाव विचारलं. मला हलकं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. वाटलं, झालं एकदाचं, मी सांगून टाकलं, ते दोघंही एकत्र आहेत, मामा म्हणाले तसंच झालं.

ते गेल्यावर मी मामींचा हात धरला. म्हटलं, "मामी, मी तेव्हाच सांगणार होते. मामांनीच मला गप्प राहा म्हणून सांगितलं."

मामींनी हात सोडवून घेतला नाही. रिकाम्या भांड्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "ते सांगितले खरें. मी होतें तेथें. ते सर्वांस तसेंच सांगत बाई, आपणास दुखलें तरी. तुम्हीं ऐकावयास नको होतें."